खान्देशातले जुने घर घेताना: आधी सह्या, मग माती, मग भिंती

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्यात देवपूरच्या एका जुन्या, झाडांनी भरलेल्या कॉलनीत १९५८ साली बांधलेले घर विकाऊ आहे. जागा ३,२०० चौरस फूट, बांधकाम सुमारे १,४००. भिंती काळ्या दगडाच्या, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागच्या भागावर सागाच्या तुळया आणि धाबे (मातीचे सपाट छत). अंगणात दोन मोठे लिंब आणि एक चिंच. मागच्या खोलीत जुना भाडेकरू. जागा आजोबांनी स्वतः विकत घेतलेली. ते १९७९ मध्ये वारले, आजी १९९१ मध्ये. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) त्यांच्या दोन मुलग्यांची नावे आहेत, तेही आता हयात नाहीत. विकणारे चार चुलत भाऊ. तीन आत्या आहेत, पण ‘त्यांचा काही संबंध नाही’ असे सांगितले जाते. मागणी ७० लाख, आणि आठ दिवसांत ५ लाख विसार. घ्यावे का?

घर घेण्यासारखे असू शकते. विसार मात्र आठ दिवसांत देऊ नका. भिंतीतला दोष पैसे खातो, आणि किती खाईल याचा अंदाज बांधता येतो. राहून गेलेली सही अख्खे घर खाते, तिचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून तपासणी सह्यांपासून सुरू करा. स्लॅबला हातोडी नंतर लावा.

आता आत्यांचा संबंध बघू. आजोबांनी घेतलेली जागा त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या मृत्यूच्या क्षणी ती पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा जणांत सारखी वाटली गेली. प्रत्येकाचा सहावा हिस्सा. आजी मृत्युपत्राशिवाय गेल्या, तेव्हा त्यांचा सहावा हिस्साही पाचही मुलांत सारखा गेला. हिशेब असा: दोन मुलग्यांचे मिळून पाचातले दोन हिस्से, तीन मुलींचे पाचातले तीन. म्हणजे तुमच्यासमोर बसलेले चौघे जास्तीत जास्त ४० टक्क्यांचे मालक आहेत, आणि १०० टक्क्यांचा भाव मागत आहेत. त्यांच्या आया किंवा बहिणी असतील तर त्या ४० टक्क्यांतही त्यांचा वाटा आहेच.

इथे लोक याच कायद्याची २००५ ची दुरुस्ती मध्ये आणतात. ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला मुलींचा जन्मसिद्ध हक्क सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले की त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही. नोंदणीकृत किंवा न्यायालयीन वाटप २० डिसेंबर २००४ पूर्वी झाले असेल तरच ते अबाधित राहते. पण तुमच्या प्रकरणात तिथपर्यंत जायचीही गरज नाही. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला १९५६ पासूनच वाटा आहे. लग्नात दिले-घेतले होते, भाऊबीज-माहेरपण नीट चालले होते, याने हक्क संपत नाही.

‘मिळकत पत्रिकेवर फक्त भावांची नावे आहेत’ हे उत्तर पुरे नाही. सिटी सर्व्हेची नोंद किंवा फेरफार (नावबदलाची नोंद) मालकी निर्माण करत नाही, ती महसुलाच्या सोयीची नोंद असते. घरपट्टीचा उतारा तर त्याहून दुबळा. त्यावरून कर कोणी भरायचा एवढेच कळते. ‘बारा वर्षे झाली, हक्क बुडाला’ हेही चुकीचे आहे. एका सहवारसाचा ताबा कायद्याने सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. दुसऱ्याला उघडपणे नाकारून बाहेर ठेवले होते हे सिद्ध झाल्याशिवाय प्रतिकूल ताब्याची बारा वर्षे सुरूच होत नाहीत. दिवाळीला माहेरी येऊन त्याच ओट्यावर बसणाऱ्या आत्यांविरुद्ध हे सिद्ध होणे फार अवघड.

मार्ग दोन. पहिला: तिन्ही आत्या (हयात नसतील तर त्यांचे पती-मुले, म्हणजे त्यांचे वारस) नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतील. दुसरा, आणि मला अधिक पसंत: सगळेच जण खरेदीखतावर विकणारे म्हणून सही करतील आणि प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या खात्यावर धनादेशाने जाईल. नंतर ‘मला फसवून हक्कसोड लिहून घेतली’ असा दावा येतो तेव्हा पैसे मिळाल्याचा बँकेतला पुरावा सगळ्यात भक्कम ठरतो. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली हक्कसोड किंवा वाटणीपत्र आणून दाखवले तर ते बाजूला ठेवा. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवलेलाच लागतो.

वारस नेमके किती, हे कागदावर कसे आणायचे? कुटुंबाकडून वंशावळीचे प्रतिज्ञापत्र घ्या, प्रत्येक मृत व्यक्तीचा मृत्यू दाखला घ्या, आणि शंका असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागा. महाराष्ट्रात तो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. त्यात जाहीर प्रकटन निघते, आक्षेप घ्यायला मुदत असते. काही महिने जातात, पण लपलेला वारस असेल तर तो इथे पुढे येतो. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचे) मूल असेल तर त्याच्या हिश्शासाठी पालकाने न्यायालयाची परवानगी घेतलेली हवी. नाहीतर ते मूल सज्ञान झाल्यावर तेवढा व्यवहार रद्द करून मागू शकते. एखादा भाऊ परदेशात असेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) होऊन यावे, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागावा, आणि सहीच्या दिवशी तो भाऊ हयात असल्याची खात्री करावी. देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपते. कुटुंब मुस्लिम असेल तर हिश्शांचे गणित वेगळे असते. जैन कुटुंबांना मात्र हिंदू वारसा कायदाच लागू आहे.

‘सध्या आमच्या चौघांचा हिस्सा घ्या, आत्यांचे नंतर बघू’ असा प्रस्ताव आला तर तिथेच थांबा. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सामाईक ताबा मिळत नाही. तुम्ही वाटपाचा दावा लावला तर उरलेल्या हिस्सेदारांना तुमचाच हिस्सा विकत घेण्याची मुभा आहे. पैसे गेलेले, किल्ली नाही, आणि हातात फक्त तारखा.

सह्यांचे चित्र स्पष्ट झाले की जागेचा प्रकार बघा. मिळकत पत्रिकेवर ‘सत्ताप्रकार’ असा रकाना असतो. तिथे ‘ब’ दिसला तर जागा बहुधा शासनाने शर्तीवर दिलेली असते, आणि विक्रीला पूर्वपरवानगी व नजराणा (शासनाला भरायची रक्कम) लागू शकतो. धुळे-जळगावच्या जुन्या कॉलन्यांत शिक्षक, सरकारी नोकर यांच्या गृहनिर्माण संस्थांना मिळालेल्या जमिनी बऱ्याच आहेत. अशा ठिकाणी संस्थेचा मूळ जमीन आदेश वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या शर्तींवर धारण केलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी न घेता केलेली विक्री शर्तभंग ठरते, आणि तो शर्तभंग खरेदीदाराच्या गळ्यात येतो. खासगी प्लॉटिंग असेल तर मूळ बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन मागा, आणि रेखांकनातला तुमचा प्लॉट क्रमांक खरेदीखतातल्या चतुःसीमेशी ताडून बघा.

शोध अहवाल (मिळकतीच्या जुन्या दस्तांचा वकिलाने घेतलेला शोध) किमान ३० वर्षांचा घ्या. इथे आजोबांच्या मूळ खरेदीपर्यंत, म्हणजे साठ-सत्तर वर्षे मागे गेलेले बरे. साधारण २००२ नंतरच्या नोंदी संगणकावर सापडतात, त्याआधीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची सूची) च्या पुस्तकांतून हाताने शोधाव्या लागतात. वकिलाने फक्त संगणकावरचा शोध लावून ‘बोजा नाही’ लिहिले असेल तर अहवाल परत करा. पतसंस्था आणि सहकारी बँकांचे जुने गहाण खान्देशात हमखास निघतात. कर्ज फिटलेले असते, पण गहाणमुक्तीचा दस्त नोंदवलेला नसतो. मूळ खरेदीखत हरवले आहे असे सांगितले तर ते कुठे ठेवलेले असू शकते हा पहिला प्रश्न विचारा. कागद ठेवून कर्ज घेतलेले असते तेव्हाही हेच उत्तर मिळते.

त्यानंतर दोन मराठी दैनिकांच्या स्थानिक आवृत्तीत जाहीर नोटीस. १५ दिवसांची मुदत द्या, आणि त्यात मिळकतीचे वर्णन सिटी सर्व्हे क्रमांक, प्लॉट क्रमांक, कॉलनी आणि आजोबांचे नाव यांसह द्या. नुसता क्रमांक वाचून कोणाला काही कळत नाही. नाव वाचले की चोपड्याला दिलेल्या आत्यालाही निरोप पोचतो.

भाडेकरूचे काय? घर विकल्याने भाडेकरार संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे, आणि तो गेल्यावर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. ‘तुम्ही घर घेतले की तो आपोआप जाईल’ यावर विसंबू नका. विक्रेत्यांनी त्याच्याशी तडजोड करून, लेखी ताबापावती घेऊन, खोली रिकामी करूनच द्यावी ही अट साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) घाला. त्याला राहू द्यायचे असेल तर किमतीतून त्या खोलीचा आणि तेवढ्या अंगणाचा भाव वजा करा.

नकाशाच्या बाजूने तीन गोष्टी महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या: झोन दाखला, विकास आराखड्यातले रस्तारुंदीकरण, आणि पूररेषा. देवपूर पांझरेच्या उत्तर काठावर आहे, म्हणून पूररेषा विचारायलाच हवी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत नवे बांधकाम जवळपास बंद, दोन रेषांच्या मधे अटींवर. रुंदीकरणात पुढची दहा फूट जागा जाणार असेल तर ज्या लिंबाकडे बघून तुम्ही हे घर पसंत केलेत तोच पहिला जाईल. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी स्वतःच्या पैशाने करून घ्या. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे तुमची जागा तीन गुंठ्यांहून थोडी कमी. जुन्या कुंपणात दीड-दोन फुटांची तफावत नेहमी निघते. मोजणीच्या वेळी शेजारी हजर असले की बोलणी तिथेच मिटतात. जुन्या धुळ्यात, ब्रिटिश अधिकारी ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखलेल्या गल्ल्यांत, सामाईक भिंतींचा वेगळाच प्रश्न असतो. इथे प्लॉट सुटे आहेत ही जमेची बाजू.

आता माती. खान्देशात जुन्या घराचा निकाल भिंतीपेक्षा पायाखालची माती लावते. तापी-पांझरेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल वरच्या साधारण साडेतीन मीटर थरात चालते, आणि जुन्या घरांचे पाये तीन-चार फुटांवर थांबलेले असतात. पाया मुरमावर टेकला असेल तर साठ वर्षांचे घर अजून साठ वर्षे उभे राहील. काळ्या मातीत अधांतरी असेल तर ते दरवर्षी थोडे हलते.

हे कळायला एक मजूर आणि अर्धा दिवस पुरतो. विक्रेत्यांच्या परवानगीने घराच्या बाहेरच्या एका कोपऱ्याला लागून दोन फूट रुंद खड्डा पायाच्या तळापर्यंत खणा. तळाशी पिवळसर, दाणेदार मुरूम लागला तर चांगले. काळी, चिकट, भेगाळलेली माती लागली तर तिचा नमुना घ्या, वाळवून कुटा, बारीक चाळणीने चाळा. १० मिलि भरेल एवढी भुकटी १०० मिलिच्या मोजपात्रात पाण्यात टाकून २४ तास ठेवा. ती १५ मिलिच्या आत राहिली तर धोका कमी, २० च्या वर गेली तर माती बरीच फुगणारी आहे. प्रयोगशाळेत हीच चाचणी रॉकेलमधल्या नमुन्याशी तुलना करून होते. खड्डा त्याच दिवशी थर देत, ठोकत बुजवा. उघडा ठेवला तर पावसाचे पाणी थेट पायात जाते.

भेगा वाचायलाही शिका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, वर रुंद आणि खाली बारीक भेग म्हणजे पाया एका बाजूला खचला किंवा उचलला गेला. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यावरची आडवी भेग बहुतेक वेळा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. धुळ्या-जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ती दिसणारच. तिला घाबरू नका. एक मिलिमीटरच्या आतली भेग भरून टाका. पाच मिलिमीटरच्या वरची, किंवा दाराची चौकट तिरपी करणारी भेग असेल तर संरचना अभियंत्याला दाखवा. ती जिवंत आहे की मेलेली, हे बघायला तिच्यावर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग हलते आहे. मे महिन्यात ती सगळ्यात रुंद दिसते, ऑगस्टमध्ये मिटते. म्हणून दिवाळीत रंग लावून दाखवलेल्या घराच्या भिंती फारसे काही सांगत नाहीत.

आणि इथेच ती झाडे येतात. मोठा लिंब उन्हाळ्यात पायाजवळच्या काळ्या मातीतले पाणी ओढतो, तिथली माती जास्त आकसते, तो कोपरा खचतो. म्हणून अनेकांची पहिली सूचना असते की झाड तोडा. काळ्या मातीत ही सूचना उलटते. पन्नास वर्षे कोरडी राहिलेली माती झाड गेल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत पाणी धरते, फुगते, आणि तोच कोपरा आता वर उचलला जातो. उचलला जाणारा पाया खचणाऱ्यापेक्षा आवरायला अवघड. झाडाचे अंतर त्याच्या उंचीपेक्षा कमी असेल तर परिणाम गृहीत धरा, पण उपाय तोडण्याचा नको. घराभोवती एक ते दीड मीटर रुंद, बाहेर उतार असलेला फरसबंदीचा पट्टा करा म्हणजे पायाजवळचा ओलावा वर्षभर सारखा राहील. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र किमान एक मीटर माती उघडी ठेवा. न्हाणीघराचे पाणी आणि छताच्या पन्हाळी त्या पट्ट्याच्या बाहेर सोडा. भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर ही वेगळी गोष्ट आहे, तो लहान असतानाच मुळासकट काढायला हवा.

कायदाही झाडांच्या बाजूने आहे. शहरी भागातल्या वृक्ष संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा. खासगी अंगणातले झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि झाडाला इजा होईल अशी छाटणीही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले. तुमचे लिंब आणि चिंच घराच्या वयाचे असतील तर ते त्यात बसतात. परवानगी मिळालीच तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. घर पाडून प्लॉटभर इमारत उभी करण्याचा विचार मनात असेल तर हे गणित आधी मांडा. सोबत रस्ताही मोजा: राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधकाम चालते ते) १.१० आहे, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावरचे जादा बांधकाम, पैसे भरून (प्रीमियम) किंवा दुसरीकडचे हक्क विकत घेऊन (टीडीआर), मिळत नाही. अशा कॉलन्यांतले आतले रस्ते बऱ्याचदा ६-७ मीटरचेच असतात. म्हणूनच तिथली सावली टिकली आहे.

भिंती. काळ्या दगडाची दीड फुटी भिंत स्वतः फारशी खराब होत नाही; खराब होतो तिचा सांधा. चुन्यात की मातीत बांधली आहे हे बघायला एखाद्या खोलीत जोत्याजवळ गिलावा थोडा उकरा. आधीच्या मालकाने ओल दिसते म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट लावला असेल तर दोष तिथेच सुरू झाला. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून बाहेर जायची. आता ती सिमेंटच्या मागे अडकते, वर चढत राहते आणि लोणा धरून गिलावा फुगवून पाडते. उपाय: ओल जिथपर्यंत आहे त्याच्या दोन फूट वरपर्यंत सिमेंट काढा, सांधे खरवडा, एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या, मग चुना-वाळू १:३ चा गिलावा. विझवलेला चुना किमान आठवडाभर मुरू द्या आणि गिलावा पुढचे आठ दिवस ओला ठेवा. धीर नसेल तर सिमेंट-चुना-वाळू १:१:६ चालेल. त्यावर चुन्याची सफेदी, ऑइलपेंट नको.

धाबे ठेवायचे की काढायचे, हा या घरातला खरा निर्णय आहे. दरवर्षी पांढरी माती टाकून टाकून थर एक फुटाचा झालेला असतो. तेव्हा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो वजन असते, पावसात भिजल्यावर आणखी. तुळई मधोमध ठणठणीत आणि भिंतीत घुसलेल्या टोकाला कुजलेली, असे नेहमी होते, कारण ओल आणि वाळवी दोन्ही तिथे असतात. प्रत्येक टोकाशी हातोडीने ठोका. पोकळ आवाज आला तर पेचकस खुपसा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक गेले. धाबे काढून वर पत्रा टाकण्याचा मोह आवरा, एप्रिल-मे मध्ये त्या खोल्यांत दुपारी कोणी बसू शकणार नाही. मातीच्या सांध्याच्या भिंतीवर थेट नवा स्लॅब ओतणेही चूक. वजन सगळीकडे सारखे बसत नाही आणि भिंतीचा वरचा भाग फुटतो. चांगला मार्ग असा: माती पूर्ण उतरवा, खराब तुळया बदला, नव्या फळ्या टाका, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला चार इंची कोबा उतार देऊन करा. वजन १८० ते २०० किलोवर येते आणि गारवा बराचसा टिकतो. सागाच्या सुट्या तुळया विकू नका, त्यांतून दारे-चौकटी होतात.

पुढचा स्लॅब त्या काळचा, म्हणजे साध्या गोल सळया आणि जेमतेम अर्धा इंच कव्हर (सळईखालचा काँक्रीटचा थर). खालून ठोकत चला, पोकळ वाजेल तिथे खडूने गोल काढा. एका जागी गिलावा फोडून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे एक टक्का द्रावण फवारा. गुलाबी झाले तर काँक्रीट अजून सळईला जपते आहे. रंग आलाच नाही आणि सळई त्याच थरात असेल तर गंज चालू आहे किंवा होणार. सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घटले असेल तर नुसते पॅचिंग पुरत नाही, नवी सळई जोडावी लागते. निम्म्याहून जास्त स्लॅबवर खडूचे गोल उमटले तर दुरुस्तीऐवजी नवा स्लॅब धरून भाव करा.

वाळवीला दार-चौकटीवर औषध फासून काही होत नाही, ती जमिनीतून येते. फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटरचे भोक पाडून इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिलि या प्रमाणात सोडतात. भोके नंतर सिमेंटने बंद करायची. अंगणात विहीर किंवा बोअर जवळ असेल तर त्या बाजूला हे औषध वापरू नका.

वीज आणि पाणी थोडक्यात. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग सगळी काढायचीच, तिची दुरुस्ती नसते. एसीला ४ चौरस मिमी, पॉवर पॉइंटला २.५ ची तांब्याची तार, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि नवे अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून तारेपासून सुटते, म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करा. लोखंडी नळ कठीण पाण्याच्या क्षारांनी आतून बुजलेले असतात, ते बदला. धुळ्याला तापी योजना आणि नकाणे तलावाचे पाणी असले तरी नळ रोज येत नाही, म्हणून जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि गळते का, हे २४ तास भरून ठेवून बघा. शोषखड्डा काळ्या मातीत पाणी शोषत नाही; महापालिकेची गटारजोडणी त्या गल्लीपर्यंत आली आहे का ते विचारा.

भाव ठरवताना जागेचा आजचा दर अधिक बांधकामाची उरलेली किंमत, वजा वर मोजलेली दुरुस्ती, आणि त्या दुरुस्तीवर १५-२० टक्के जास्तीचे, कारण जुन्या घरात उघडल्यावर काहीतरी निघतेच. बँकेवर भिस्त ठेवायची असेल तर आधी मूल्यांकन करून घ्या. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा मूल्याच्या ८० टक्क्यांची आहे, पण ते मूल्य बँकेचा मूल्यांकक ठरवतो, आणि १९५८ चे धाब्याचे घर तो जवळपास शून्य धरतो. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ अधिक १ टक्का, म्हणजे ७० लाखांवर ४ लाख २० हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास एक टक्का सवलत, म्हणजे ३ लाख ५० हजार. नोंदणी फी ३० हजार. शासनाचा मूल्यदर (रेडी रेकनर) व्यवहाराच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर शुल्क त्यावर लागते. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्याने एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी तुमची आहे. विकणारे सात असोत की दहा, ऑक्टोबर २०२४ पासून मर्यादा एकूण किमतीवर मोजली जाते, एकेकाच्या हिश्शावर नाही. विक्रेत्यांत कोणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शावरची कपात याहून बरीच जास्त असते. आधी सनदी लेखापालाला भेटा.

विसार सगळ्या वारसांची सहमती लेखी आल्यावर द्या, तोही नोंदणीकृत साठेखतात, सगळ्यांच्या खात्यांवर हिश्शाप्रमाणे. त्यात अटी स्पष्ट लिहा: आत्यांच्या सह्या, भाडेकरूचा ताबा, मोजणीतली तफावत, आणि यातले काही न झाल्यास किती दिवसांत रक्कम परत. झाडे, सागाची दारे, ओट्याचे दगड, झोपाळ्याच्या कड्या, विहिरीवरची मोटर यांची यादीही जोडा, कारण साठेखत आणि खरेदीखताच्या मधल्या दोन महिन्यांत याच वस्तू उचलल्या जातात. खरेदीखताच्या दिवशी ताबापावती घ्या, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घ्या, घरपट्टी-पाणीपट्टीची त्या तारखेपर्यंतची थकबाकी विक्रेत्यांकडून भरून घ्या. दुसऱ्या दिवशी सिटी सर्व्हेत फेरफाराचा अर्ज, महावितरण आणि महापालिकेत नावबदलाचा अर्ज. फेरफाराच्या नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपून मिळकत पत्रिकेवर तुमचे नाव चढेपर्यंत मागच्या धाब्याला कुदळ लावू नका.